मुदत

औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय मी औषध घेत नाही. एवढ्यावर ही सवय थांबली असती, तर तिला शहाणपण म्हणता आले असते. पण बिस्किटांचा पुडा, एस.टी.चा पास, विम्याची पावती, वाचनालयाच्या पुस्तकावरचा शिक्का, ज्यावर म्हणून तारीख आहे त्यावर माझी नजर जाते आणि मी मनातल्या मनात हिशेब करू लागतो, की हिला अजून किती दिवस राहिले. घरातली मुले माझी थट्टा करतात. "आजोबांच्या हातात फटाक्यांचे पाकीट देऊ नका. ते तारीख शोधत बसतील आणि तोवर देवदिवाळी उजाडेल," असे माझी नात परवाच म्हणाली. मीही हसलो. माझी पत्नी मात्र या थट्टेत कधी सामील होत नाही. ही सवय मला कशी जडली, ते तिला ठाऊक आहे.

दिवाळीत जुन्या वह्या मिटून नव्या घालण्याची आपल्याकडे रीत आहे. व्यापाऱ्यांच्या वह्यांवर गंधफूल पडते आणि मागची बाकी पुढे ओढली जाते. मास्तराच्या घरी कसली वही? पण बाकी असतेच. माझी एक बाकी चाळीस वर्षांची आहे. ती आज वाचकांपुढे मांडावी म्हणतो.

मी मूळचा अमळनेरकडचा. १९७४ साली अक्कलकुव्याच्या एका हायस्कुलात माझी नेमणूक झाली. गावाचे नाव ऐकून आमच्या घरी हशा पिकला. "ज्या गावात अकलेची विहीरच आहे, तिथे मास्तराला कोण विचारणार?" असे माझे वडील म्हणाले. त्या वेळी नंदुरबार जिल्हा झाला नव्हता. तो झाला १ जुलै १९९८ रोजी. अक्कलकुवा तेव्हा धुळे जिल्ह्याच्या पार टोकाला होते. पश्चिमेला थोडे गेले की गुजरात, उत्तरेला मान वर केली की सातपुडा. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने मालमोटारी धुरळा उडवीत जात. बाजाराच्या दिवशी मोलगीच्या अंगाने माणसांची रांग डोंगर उतरून येई. डोक्यावरच्या पाटीत कधी मोहाची फुले, कधी चारोळी, कधी डिंक किंवा आमचूर. परत जाताना त्याच पाटीत मीठ, तेल आणि एखादे लुगडे असे. भिल्ली, पावरी, गुजराती, अहिराणी आणि मराठी यांची त्या बाजारात अशी काही खिचडी होई, की व्याकरण शिकविणाऱ्या माझ्यासारख्याने कानांत बोटेच घालावीत. पण त्या खिचडीत व्यवहार मात्र कुणाचा चुकत नसे.

माझ्या नेमणुकीच्या पत्रात 'दोन वर्षे प्रोबेशन' असे लिहिले होते. तो शब्द माझ्या उरावर बसला. वर्गात आवाज चढला की वाटे, हेडमास्तरांनी ऐकले असेल. फळ्यावर ऱ्हस्वदीर्घ चुकले तर घाम फुटे. खोलीतल्या कॅलेंडरवर मी रोज रात्री लाल पेन्सिलीने एक एक तारीख खोडीत असे. दोन वर्षांचा शेवटचा दिवस उलटला, तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि त्या रात्री इतका गाढ झोपलो, की सकाळची प्रार्थना चुकली. हे सारे एवढ्यासाठी सांगतो, की मुदतीखाली जगणे म्हणजे काय हे मला माहीत नव्हते, अशी सबब मला सांगता येणार नाही.

१९८३ च्या पावसाळ्याच्या अखेरीस कोर्टाकडून शाळेला एक कागद आला. एका आरोपीच्या वयाची खात्री करायची आहे, तरी शाळेचे जनरल रजिस्टर घेऊन हजर राहावे. रजिस्टर माझ्या ताब्यात असे. पाने चाळून पाहिली तो आरोपी माझाच विद्यार्थी निघाला! मोलगीच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा मुलगा. सातवीत शाळा सोडून गेलेला. त्याचे नाव येथे लिहीत नाही. का लिहीत नाही, ते पुढे कळेल. जन्मतारीख होती १ जून १९६४. आता ही १ जूनची गंमत खेड्यातल्या मास्तरांना चांगली माहीत आहे. बापाला तारीख ठाऊक नसली, की गुरुजी आपल्या हाताने १ जून लिहून टाकीत; शाळेत घालायला ती सोयीची. आमच्या रजिस्टरप्रमाणे निम्म्या तालुक्याचा वाढदिवस एकाच दिवशी येई.

गुन्हा सायकलचोरीचा होता. किराणा दुकानासमोर एका मुनिमाची सायकल उभी होती, कुलूप नव्हते. बाजाराला आलेला हा मुलगा तिच्यावर बसला आणि मोलगीच्या रस्त्याला लागला. पण देवगोईचा घाट लागला आणि सायकलीची चेन तुटली. दुकानदाराची माणसे जीप घेऊन मागून पोचली, तेव्हा हा गडी घामाघूम होऊन सायकल चढावर ढकलीत होता. सायकल त्याला नेत नव्हती, तोच सायकलीला नेत होता! कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. "परत आणून देणार होतास का?" असे मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारले. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "घाट चढल्यावर ठरवणार होतो, साहेब." शिरस्तेदारांनी तोंडावर रुमाल धरला.

मी रजिस्टर उघडून तारीख दाखविली. वय एकोणीस ठरले. कुणा गुरुजींनी अंदाजाने टाकलेल्या त्या तारखेने केवढे काम केले, ते मला मागाहून समजले. एकवीस वर्षांखालचा आरोपी असला, तर जन्मठेपेसारखे मोठे गुन्हे सोडून इतरांत त्याला सहसा तुरुंगात पाठवू नये आणि पाठवायचेच झाले तर न्यायाधीशाने कारणे लिहून ठेवावीत, असा कायदा आहे. प्रोबेशन ऑफिसर पाड्यावर जाऊन आले, त्यांनी अहवाल दिला आणि १८ ऑक्टोबर १९८३ रोजी निकाल लागला. तुरुंग नाही. चांगल्या वर्तणुकीचे पाचशे रुपयांचे बंधपत्र, मुदत दोन वर्षे, त्यांपैकी पहिले वर्ष प्रोबेशन ऑफिसरची देखरेख. एक जामीनदार हवा.

"जामीन कोण राहतो?" साहेबांनी विचारले. मुलाचा बाप भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या नावावर काही नव्हते. कुणी बोलेना. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत माझ्यावर आल्या. मांडीवर रजिस्टर घेऊन बसलेला एकटा पगारदार मनुष्य मीच होतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी राहतो." आपण फार मोठे काही केले, असे मला त्या क्षणी वाटले. पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ त्या वाटण्यात आहे.

बाहेर चहाच्या टपरीवर आमच्या ओळखीच्या एका वकीलसाहेबांनी मला कायदा समजावून दिला. तो १९५८ चा. आपल्या मुंबई इलाख्यात त्याआधी १९३८ सालीच तसा कायदा झाला होता. लहानसहान गुन्हा असेल तर न्यायाधीश नुसती ताकीद देऊन सोडू शकतो. नाही तर असे बंधपत्र घेतो. शिक्षा सांगायची ती राखून ठेवायची आणि माणूस नीट वागला तर ती कधीच सांगायची नाही. "मात्र," वकीलसाहेब बशीत चहा ओतीत म्हणाले, "हे टांगून ठेवणे तीन वर्षांच्या वर चालत नाही. अटी बदला, मुदत वाढवा, काही करा. पहिल्या हुकमापासून तीन वर्षे झाली की खलास. उलट पोरगा चांगला वागतो आहे असे दिसले, तर प्रोबेशन ऑफिसरच्या अर्जावरून त्याला आधीही मोकळे करता येते." १८९८ च्या जुन्या फौजदारी संहितेत तीन वर्षे होती, १९७३ च्या संहितेत तीनच राहिली, आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आहे, तिनेही ती मर्यादा ओलांडलेली नाही. इतके कायदे बदलले. तीन वर्षांची ही वेस कुणी मोडली नाही.

सरकारी मराठीत प्रोबेशनला 'परिवीक्षा' म्हणतात. परि म्हणजे सभोवार आणि वीक्षा म्हणजे पाहणे. चहूबाजूंनी पाहणे. शब्द मोठा समर्पक आहे. मी तो जरा जास्तच मनावर घेतला.

कोर्टाच्या हुकमात नसलेली एक अट मी त्या मुलाला माझ्या पदरची घातली. "दर महिन्याला एका बाजाराला माझ्याकडे येऊन तोंड दाखवून जायचं," मी दरडावून सांगितले. त्याने मान हलविली. वकीलसाहेबांनी त्यात भर घातली, "नीट वाग हो. तू चुकलास तर गुरुजींना पाचशे रुपये भरावे लागतील." पाचशे रुपये म्हणजे तेव्हाचा माझा अर्धा पगार. मुलाने माझ्याकडे एकदा पाहिले. ते पाहणे माझ्या लक्षात राहिले. त्याचा अर्थ मात्र तीन वर्षांनी कळला.

तो येऊ लागला. पाड्यापासून मोलगीपर्यंत पायी, पुढे मिळाली तर एस.टी., नाही तर एखादी मालमोटार, तीही नाही तर पुन्हा पाय. ओसरीच्या पायरीवर बसायचा. "गुरजी, तोंड दाखवायला आलो," हे त्याचे ठरलेले वाक्य. रिकाम्या हाताने तो कधी आला नाही. उन्हाळ्यात चारोळी, मग आमचूर, पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, दिवाळीच्या सुमाराला सीताफळे, थंडीत भगर. सुरुवातीला मी पैसे देत असे. तो नको म्हणे, मी आग्रह करी. पुढे पुढे त्याचे 'नको' मला लवकर पटू लागले. बसल्या बसल्या तो दोन लाकडे फोडून देई, विहिरीवरून चार घागरी आणून टाकी. आम्ही त्याला जेवायला वाढीत असू, त्यामुळे हिशेब फिटला असेच मी धरून चाललो.

पाहुणे आले, की मी त्याला हाक मारून पुढे उभा करी. "हा माझ्या जामिनावर आहे. चोरीत सापडला होता. आता पाहा कसा सरळ झाला आहे!" पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघत. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत उभा राही. एकदा माझी पत्नी आत गेल्यावर म्हणाली, "अहो, त्याच्यादेखत कशाला सांगता?" मी म्हणालो, "त्याच्या भल्यासाठीच. आठवण राहिलेली बरी." पहिल्या वर्षाच्या शेवटी प्रोबेशन ऑफिसरांनी चांगला शेरा मारला आणि त्यांची देखरेख संपली. बंधपत्र आधीच रद्द करता येईल का, असे मी त्यांना विचारू शकलो असतो. माझ्या मनातही ते आले नाही.

१७ ऑक्टोबर १९८५ रोजी दोन वर्षे पुरी झाली. ती तारीख माझ्या ध्यानात राहिली नाही. स्वतःच्या प्रोबेशनचा एक एक दिवस लाल पेन्सिलीने खोडणारा मी, दुसऱ्याच्या मुदतीला मात्र कॅलेंडर पाहायला विसरलो! येथवर हा विसराळूपणाच होता आणि तो क्षम्य होता. पण पुढे महिनाभराने विम्याची पावती शोधताना ट्रंकेत बंधपत्राची नक्कल हाताला लागली. मी ती वाचली. मुदत संपून गेलेली होती.

पुढच्या बाजाराला तो आला. आज सांगू, असे मी ठरविले होते. त्याने पायरीवर भगरीचे गाठोडे ठेवले आणि कुऱ्हाड उचलून तो परसात गेला. लाकडे फोडण्याचा आवाज येऊ लागला. मी ओसरीवर बसून विचार केला: एक महिना आणखी आला तर काय बिघडते? धाक आहे तोवर वळण आहे. एकदम सोडले, तर कदाचित घसरेल. तो महिना गेला, पुढचाही गेला. मग सांगणेच अवघड होऊन बसले. कारण आता सांगायचे म्हणजे इतके दिवस का नाही सांगितले, हेही सांगावे लागणार होते. खरे कारण तर याहून लहान होते. त्याचे येणे मला आवडत होते. आपल्या चांगुलपणाचा चालताबोलता दाखला महिन्याच्या महिन्याला दारात येऊन उभा राहतो, हे सुख सोडवत नव्हते. असे एक वर्ष गेले. मुदतीनंतरच्या बारा खेपा झाल्या.

१९८६ च्या दिवाळीच्या आधी तो आला, तेव्हा नेहमीचे वाक्य त्याने म्हटले नाही. पायरीवर बसून बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरजी, एक विचारायचं होतं. बारडोलीकडे ऊसतोडीला जायचं म्हणतो. मुकादम उचल देतो आहे. गेलो तर होळीपर्यंत यायला जमणार नाही. जाऊ का? कोर्टाची मना तर नाही ना?"

मी काही बोललो नाही. तोच पुढे म्हणाला, "मागल्या साली पण मुकादम आला होता. दिवाळीच्या टायमाला. मीच नाही म्हटलं. कोर्टाचं बंधन होतं. यंदा लगीन ठरतंय. पोरीच्या बापाला देज द्यायचं आहे."

मागल्या सालची दिवाळी! मी बोटांवर हिशेब केला नाही; करण्याची गरज नव्हती. मुकादम त्याच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याचे बंधन संपलेले होते. उसाचा एक सबंध हंगाम आणि कदाचित एक लग्न मी माझ्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवले होते.

दाराच्या आतून माझी पत्नी ऐकत होती. ती बाहेर आली आणि तिने मला विचारले, "अहो, अजून मुदत संपली नाही का?" तिने सहज विचारले होते. मी आत गेलो, ट्रंक उघडली, कागद काढला आणि ओसरीवर येऊन मोठ्याने वाचला. तारीख दोनदा वाचली. मग, आपल्याला हे वर्षभर माहीत होते, हेही सांगितले. आयुष्यात पुष्कळ धडे वाचून दाखविले. इतक्या हळू आवाजात एकही नाही.

तो चिडेल असे मला वाटले. तसे झाले असते, तर बरे वाटले असते. त्याने विचारले, "म्हणजे मी मागल्या सालीच सुटलो होतो?"

"हो."

"आणि तुम्ही? तुमचा पण कागद संपला होता?"

"माझाही."

त्याने मोठा श्वास सोडला. म्हणाला, "मग बरं. वकीलसाहेब म्हटले होते ना, मी चुकलो तर गुरजींना पैसे पडतील. एखाद महिना आलो नाही आणि तुम्हाला फौजदारानं धरलं तर? म्हणून येत होतो."

वाचकहो, ते तीन वर्षांपूर्वीचे त्याचे पाहणे मला त्या वेळी उमगले. मी त्याच्यावर नजर ठेवून आहे, असे मी सगळ्या गावाला सांगत होतो. आणि तो पोरगा दर महिन्याला डोंगर उतरून येत होता तो मी सुरक्षित आहे ना, हे पाहायला! जामीन मी त्याला राहिलो होतो, की तो मला? परिवीक्षा कोण कुणाची करीत होते?

माझ्या पत्नीने मग तिच्या पद्धतीने निकाल दिला. "पोस्टातले पाचशे रुपये काढा आणि त्याला द्या. जामिनकी तुम्ही मोडली आहे, त्यानं नाही." दुसऱ्या दिवशी मी पैसे काढले. तो घेईना. शेवटी ती त्याला म्हणाली, "उसने म्हणून ने रे. हंगाम झाल्यावर परत कर." उसने म्हटल्यावर त्याने घेतले. बंधपत्राची नक्कलही मी त्याला दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवली. जाताना "येतो, गुरजी" म्हणाला आणि लगेच थांबून, जरा हसून, "नाही, जातो" म्हणाला.

होळीला ऊसतोडीची माणसे बारडोलीकडून, सुरतेकडून घरी परततात. सातपुड्यातल्या माणसाला कुठेही असला तरी होळी चुकवणे जमत नाही; काठीची होळी तर साऱ्या मुलखाला माहीत आहे. त्या होळीच्या आधी तो एकदा आला, पाचशे रुपये मोजून पत्नीच्या हातात दिले आणि चहा घेऊन गेला. लग्न वैशाखात होते. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही.

पहिले दोन-चार बाजार मला चुकल्यासारखे झाले. पायरी मोकळी दिसे. मग हळूहळू कळू लागले, की ती मोकळी पायरी हेच त्या दोन वर्षांचे खरे फळ आहे. प्रत्येक बाजाराला कुणाला तरी तोंड दाखवून यावे लागत नाही, एवढेच तर कायद्याने त्याला देऊ केले होते.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचीत गेलो. प्रोबेशनची प्रथा जिथून निघाली असे मानतात, ती गोष्ट फार गोड आहे. १८४१ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाच्या एका बूट करणाऱ्या कारागिराने कोर्टात एका दारुड्याचा जामीन घेतला. मुदत किती? तीन आठवडे! तीन आठवड्यांनी तो मनुष्य असा सुधारलेला दिसला, की न्यायाधीशाने त्याला एक सेंट दंड आणि कोर्टाचा खर्च एवढ्यावर सोडले. १८५९ मध्ये मरेपर्यंत या गृहस्थाने सुमारे दोन हजार माणसांना असे जामीन दिले. इंग्लंडात १९०७ साली कायदा झाला, तेव्हा तेथेही तीन वर्षांचीच कमाल मर्यादा घातली गेली.

गंमत अशी, की ज्या देशात ही गोष्ट तीन आठवड्यांनी सुरू झाली, त्याच देशात पुढे काही राज्यांत ती दहा-दहा, वीस-वीस वर्षे लांबली. मागे माझ्या नातवाने मला फिलाडेल्फियाच्या मीक मिल नावाच्या एका गायकाची हकीगत वाचून दाखविली. २००८ साली त्याला दोषी ठरविले आणि प्रोबेशनचा दोर वाढत वाढत दहा वर्षांवर गेला. २०१७ साली अटी मोडल्या म्हणून त्याला दोन ते चार वर्षे तुरुंगाची शिक्षा झाली. त्या अटी मोडण्यांत रस्त्यावर मोटारसायकलचे पुढचे चाक उचलून चालविल्याचीही गोष्ट होती. २०१९ मध्ये मूळचा निकालच रद्द झाला. ऐकता ऐकता मला देवगोईच्या घाटातली तुटक्या चेनची सायकल आठवली. आता तिकडेही लोक जागे झाले आहेत. कॅलिफोर्नियात २०२० साली कायदा करून बहुतेक लहान गुन्ह्यांना एक वर्ष आणि मोठ्यांना दोन वर्षे अशी मर्यादा घातली. आपल्याकडे शंभरावर वर्षे जी वेस आहे, ती त्यांना नव्याने बांधावी लागली.

ही वेस हवीच, याबद्दल मला शंका नाही. माणसावर नजर ठेवणाऱ्याला ठेवता ठेवता त्याची चटक लागते. मी काही दुष्ट मनुष्य नव्हतो. मुलांना मनापासून शिकवीत होतो, कुणाचा पैसा बुडविला नव्हता. अशा मनुष्याच्या हातूनही हे झाले, म्हणून कायदा आमच्या चांगुलपणावर विसंबत नाही आणि कागदावर तारीख घालतो. पण कायद्याची एक अडचण आहे. तो तारीख लिहू शकतो. ती वाचून दाखवायला माणूस लागतो. ज्याला वाचता येते, तो गप्प बसला, की डोंगरापलीकडच्या पाड्यावर ती तारीख उजाडतच नाही.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. अशा रीतीने सुटलेल्या माणसाला, दोषी ठरल्यामुळे एरवी जी अपात्रता येते, ती लागू नये, असे ते कलम सांगते. कायदा जर त्याच्या कपाळावरचा डाग मोजायचे थांबवतो, तर दिवाळी अंकात त्याचे नाव छापून तो पुन्हा उमटविणारा मी कोण? म्हणून नाव लिहिले नाही. पाहुण्यांपुढे त्याला पुरेसा उभा केला आहे.

त्याला मी नंतर एकदाच पाहिले. चार-पाच वर्षे उलटली असतील. खापरच्या बाजारातून परतताना एस.टी.ची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभा होतो. समोरून एक सायकल आली. नवी कोरी, मडगार्डवर रंगीत गोंडा. दांडीवर एक लहान पोर, कॅरिअरवर मांडीवर गाठोडे घेतलेली बाई, आणि चालविणारा तो. उतार होता, त्यामुळे सायकल चांगली वेगात होती. त्याने मला ओळखले. हसला. घंटी दोनदा वाजविली.

आणि थांबला नाही.